भालदाराने लढायचं कसं

बाबा, नाहूरच्या आपल्या बाहेरच्या खोलीत तुम्ही लुंगी-बनियनवर उभे राहिलात आणि सगळा मजला दाराशी गोळा झाला, तो रविवार मला आज लिहून काढायचा आहे. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. शेजारच्या दोघा भावांचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक लाल खोका आणला, त्यात इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे. भावांना वाचायचा कंटाळा, म्हणून पुस्तकं माझ्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर खेळ चालवायचं कामही. एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि वार बसला की हुकला ते फाशांनी ठरवायचं, एवढाच तो खेळ. दर रविवारी दुपारी आम्ही फरशीवर बसायचो आणि तुम्ही भिंतीला टेकून ऐकायचात. संपात गिरणी सुटली होती. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तुम्ही माल बांधायचं काम करत होतात आणि घरात अगदी मोजकं बोलत होतात. एक दिवस तुम्ही मध्येच म्हणालात, "माका घेतलास तर चलात काय गो?"

आपला माणूस तयार करायला फासे टाकून आकडे घ्यायचे आणि ते ताकद, दम, अक्कल, छाप असे वाटायचे. हे शब्द मीच मराठीत केले होते. तुम्हाला एकच आकडा दणदणीत पडला, बाकी सगळे बेताचे. थोरला म्हणाला, "काका, तो ताकदीत टाका. लढाईत तेच लागतं." तुम्ही तो छाप या रकान्यात टाकलात. "हो माझो भालदार. ह्याचो राजा मेलो. आता पुकारूचो कोणाक, ता शोधतंय." हातात काय, तर चांदीच्या मुठीची काठी. दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. थोरल्याचा तलवारवाला आणि धाकट्याचा तिरंदाज, दोघांचाही आकडा न् आकडा मारामारीसाठी बेतलेला. त्यापलीकडे त्या दोघांबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढचे काही रविवार तुमचा भालदार पहिल्याच फटक्याला आडवा व्हायचा. थोरल्याने मला जिन्यात गाठलं. "आम्ही लढायचं की काकांना उचलून न्यायचं? पुढे राक्षसांच्या गुहेत गेलो तर सगळ्यांचीच वाट लागेल. असंच चालणार असेल तर मी नाही खेळत यार." त्याचं चुकत नव्हतं. तो गेला असता तर खेळच मोडला असता, आणि तुम्ही पुन्हा भिंतीला टेकून गप्प बसला असतात. मी स्वयंपाकघरात आले. तुम्ही आईला नारळ खवून देत होतात. म्हटलं, "बाबा, त्याला बदला ना. तुम्हीही तलवारवाला घ्या." खवणीवरचा तुमचा हात थांबला. "सोंग म्हंजे काय सदरो, बदलूक?"

मग तुम्हीच हळूहळू बोलायला लागलात. तरुणपणी गावच्या दशावतारात तुम्ही राणी व्हायचात, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही राणीच्या युद्धाबद्दल सांगितलंत. "राक्षसासारखी नाचली तर लोक हसतत. लढलीच नाय तर लोक निजतत. राणीन राणीसारख्याच लढूक व्हया." आणि मला कामाला लावलंत. "तुझ्या पुस्तकात बघ, भालदार कसो लढता तो. मी पण जरा घट्ट होतंय." अकलेतले गुण काढून तुम्ही दमात टाकलेत आणि एक ढाल घेतलीत. अक्कल कमी होतेय म्हटल्यावर आई चुलीकडून म्हणाली, "होती खंय, कमी होवक?"

तो आठवडाभर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शत्रूच्या धीराचा एक नियम आम्ही कंटाळून सोडून दिला होता: दोन फासे टाकायचे, बेरीज त्यांच्या धीराच्या वर गेली की ते पळतात. मी ठरवलं, भालदाराने पुकारा केला की हा धीर तपासायचा. पण पुकारा खरोखर द्यायचा, सगळ्यांच्या पुढे उभं राहून, आणि त्या डावात काठी उगारायची नाही. थोरल्याने विचार केला आणि म्हणाला, "चालेल. पण फासे सगळ्यांसमोर टाकायचे."

आणि मग ती गुहा. तिरंदाज पडलाय, तलवारवाल्याचा जीव जेमतेम उरलाय, समोर राक्षसांची अख्खी टोळी. तुम्ही उठता. मी कधीच न ऐकलेला आवाज तुमच्या छातीतून येतो. "सावध व्हा! ज्याच्या तलवारीने या डोंगराची वाट मोकळी केली, जो जखमी आहे पण झुकलेला नाही, तो वीर येतो आहे! ज्याला आपल्या घरी परतायचं असेल, त्याने आत्ताच पाठ फिरवावी!" थोरला नकळत ताठ बसतो. दारात शेजारपाजारचे जमलेत. टोळीचा धीर आठ. मी फरशीवर फासे टाकते. पाच आणि सहा. टोळी पळाली! म्होरक्या तेवढा उरतो आणि तुमच्यावर धावून येतो. फटका जबर बसतो, पण वाढवलेल्या दमावर भालदार उभा राहतो आणि त्याच्या ढालीआडून थोरला म्होरक्याला लोळवतो.

"काका, झकास!" थोरला ओरडला. "पुढच्या वेळी मला आधीच पुकारा हां!" तुम्ही घाम पुसत आत गेलात. आईला म्हणालात, "चेडवान बरा नाटक लावल्यान." मी, तुमची लेक, बाहेर फासे गोळा करत होते. ते ऐकून माझी छाती जी फुगली, ती नंतर कुठल्या पदवीने फुगली नाही.

तुम्हाला जाऊन आता खूप वर्षं झाली. मी कांदिवलीला राहते आणि अजून रविवारी खेळ चालवते. काही मुलं फोनवर हिशोब करून अजिंक्य योद्धे घेऊन येतात, काही सुंदर कहाण्या आणतात आणि पहिल्याच फटक्याला पडतात. मी कुणालाच परत पाठवत नाही. दोघांनाही विचारते, "तुझा माणूस स्वतःसारखा लढतो कसा?" मग कुणी आकडे बदलतं, कुणी कहाणी. हा प्रश्न आमच्या मंडळींत इतका गाजला आहे की एकाने तो टी-शर्टवर छापून घेतला, खाली माझं नाव घालून. तो प्रश्न मुळात तुमचा आहे हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र तर कुठे जाणारच नाही. तेव्हा आणखी थोडे दिवस तो माझ्याच नावावर राहू दे.