बाकावरून दिसणारा बॉल

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात आणि तुझ्या वहिनीच्या डोक्याला ताप झालाय. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. फोन केला नाही, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं.

आज मी हॉकी खेळलो. हस, पोटभर हस. एक्कावन्न वर्षांचा, जिना चढताना धापा टाकणारा तुझा दादा! आपल्या मैदानावर दर रविवारी हौशी मंडळी जमतात. मी नेहमीसारखा बाकावर बसून अक्कल पाजळत होतो. त्यांचा गोलकीपर आला नव्हता. बेकरीवाला म्हणाला, "एवढं तोंड चालवताय, तर उभे राहा ना गोलात!" सगळ्यांसमोर म्हणाला, मग काय, मागे कसा फिरणार? घरी जाऊन माळ्यावरचे तुझे गोलकीपरचे पॅड काढले. पट्ट्याला तू खिळ्याने पाडलेलं जास्तीचं भोक अजून आहे. माझ्या पोटऱ्यांना ते काही पुरलं नाही.

गोल केवढा मोठा असतो रे! बाकावरून तो खाटेएवढा वाटतो. आत उभं राहून दोन्ही हात पसरले, तरी दोन्हीकडे रिकामंच.

पाचव्या मिनिटाला आमच्यावर पेनल्टी कॉर्नर. समोरच्या टीममधल्या पोस्टमनने गोलरेषेवरून बॉल बाहेर ढकलला, आमचे चौघे पुढे धावले आणि माझ्यासमोर नुसत्या पाठी आणि पाय. बाकावरून बॉल कसा स्वच्छ दिसतो! इथे बॉलच नाही. कुठेतरी 'टक्' झालं आणि लगेच माझ्या मागच्या लाकडी फळीवर 'धाड्'. मी अजून पुढेच बघत होतो. विचारलं काय, माहितीये? "मारला का?"

सगळे खो खो हसले. आमच्या बॅकला ड्रॉइंगचे मास्तर आहेत, ते पाठीवर थाप मारून म्हणाले, "तो कुणालाच दिसला नसता हो. चला." बस्स, एवढंच. आणि मला तू आठवलास.

कारण मी तुला हे म्हणालो नव्हतो. सात वर्षांपूर्वी, फायनलच्या शेवटच्या कॉर्नरवर तुझ्यावर गोल झाला, तेव्हा मी बाकावरून उतरून तुझ्या अख्ख्या टीमसमोर म्हणालो, "उद्या दुकानात ये, डोळे तपासून देतो." लोक हसले आणि मी खूश झालो. तू पॅड तिथेच सोडलेस, ते मी उचलून घरी आणले; तू पुन्हा स्टिकला हात लावला नाहीस. आणि मी? आजवर सगळ्यांना सांगत आलो, नोकरीमुळे सोडलं त्याने. आईलासुद्धा.

दुसऱ्या हाफमध्ये एक बॉल माझ्या नडगीवर येऊन आपटला. अडवला असं म्हणवत नाही. पॅड असून हाडापर्यंत झिणझिण्या गेल्या, आणि मी तिथल्या तिथे थक्क होऊन उभा. बापरे, हे तू करायचास! न दिसणाऱ्या बॉलवर मुद्दाम पुढे धावून जायचास! आणि घरी येऊन माझी टीका ऐकत मुकाट जेवायचास. तुझी एकही मॅच मी चुकवली नाही, असं छाती फुगवून सांगायचो मी. अरे, एकही पाहिली नव्हती.

सहा-शून्यने हरलो. माझं चुकलं, छोट्या. फार चुकलं. आत्ताच आईलाही खरं काय ते सांगितलं. ती उठली आणि तुझे पॅड उन्हात ठेवून आली.

पट्टे परत तुझ्या भोकावर लावलेत. पुढच्या रविवारी सकाळी सातला ये. मी बाकावर बसणार नाही, मास्तर मला बॅकला घेतायत. तुझ्या समोरून वेळेवर बाजूला व्हायला शिकेन.

नाही आलास, तर गोलात मीच असेन.

तुझा,
बॉल न दिसलेला,
दादा