गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं

३ नोव्हेंबर

झोपच लागत नाही! जानेवारीत दहा किलोमीटर धावायले नाव देऊन बसली, अन् आज ग्राउंडच्या एका चक्करमध्येच जीव वर आला. धावणं शिकवणारे भूपेश सर म्हणे, "धावता धावता गप्पा मारता आल्या पाहिजे. नाही आल्या, तर वेग जास्त होऊन राहिला समजा." नवीन लोकांच्या वस्ती पाहून जोड्या लावल्या. दोघी नंदनवनच्या, म्हणून मी अन् मयुरी! माझी लहान जाऊ. वरच्या मजल्यावर राहते. गच्चीवर मिरच्या कोणी वाळवायच्या यावरून दोन वर्षं अबोला आहे आमचा, हे सरांले कोण सांगणार?

७ नोव्हेंबर

तोंड शिवून धावलो. ती जरा पुढे गेली की मी आणखी पुढे! सरांनी विचारलं, "गप्पा होऊन राहिल्या ना?" दोघी एकदमच म्हणालो – "हो सर!"

१५ नोव्हेंबर

नडगी ठणकते. कोणाले सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज पाय टेकवेना, ग्राउंडवरच बसली. डॉक्टर चिडले – "नवीन आहात ना? मग शर्यत काहून लावता? असंच चाललं तर हाड तडकेल! दोन आठवडे धावणं बंद. दुखलं नाही तर चाला फक्त."

घरात जीव थाऱ्यावर नाही. पोळ्या लाटताना लाटणं आपटलं. जानेवारी गेला हातचा! अन् ती मयुरी मजेत धावत असेल.

२४ नोव्हेंबर

दार वाजलं. मयुरी! पायात बूट. "ताई, चला, चालून येऊ. माझीही पोटरी धरली. सरांनी झापलं मले." रस्ताभर आधी बुटांचं बोललो, मग सासूबाईंच्या गोळ्यांचं. मग मिरच्यांचं निघालं अन् हसू आवरेना! वेड्याच आहोत दोघी.

७ डिसेंबर

पुन्हा सुरू! थोडं धावायचं, थोडं चालायचं. काठी घेतलेले एक आजोबा आम्हाले ओलांडून गेले. जाऊ दे! नडगी चूप आहे. सर म्हणे, जानेवारीत नाही जमलं तर पुढच्या वर्षी. मले तर उद्याची सकाळ कधी होते असं झालं आहे.

११ डिसेंबर

मयुरी म्हणाली, "ताई, संक्रांतीनंतर आम्ही तिकडं दूर मनीषनगरले राहायले चाललो. फ्लॅट घेतला."

मी थांबलीच. "काहून वं?"

"दिवाळीत टोकन दिलं. तेव्हा आपण कुठं बोलून राहिलो होतो?"