सात पालांची एक दुरडी

मेहेरबान गिरदावर साहेबांस,

शाळेचे मास्तर लिहायलेत, म्या लाडी बोलायले. पोळ्याच्या सुमारास तुमी कळंबच्या रस्त्याकडंला आमच्या पारध्यांच्या पालांवर आलता. कोण काय खातं ते बघून दुष्काळाचं सरकारी धान्य ठरणार, हे आमाला कुणी सांगितलंच न्हवतं.

पाव्हण्याला रिकामी दुरडी दावायची न्हाय, ही आमची रीत. त्यात तुमी निजाम सरकारचे पाव्हणे. म्हणून सात पालांत मिळून मागून आणलेल्या चार भाकरी एका दुरडीत ठेवल्या. तुमी एका पालातून वाकून भाईर निघालात की म्या मागल्या अंगानं दुरडी पुढच्या पालात सरकवायची. सातही ठिकाणी तुमी फडकं उचलून बघितलं आन् खूश झालात.

साहेब, वरच्या भाकरीला करपल्याचा मोठा डाग होता. सात पालांत तोच डाग बघून तुमाला काईच कसं वाटलं न्हाय?

पुढं कळलं, तुमी वर लिवलंत, पारध्यांना धान्य नको, त्यांच्या घरोघर भाकरी हाय. तवापासून बरबडा, म्हंजी रानगवताचं बी, शिजवून खातोय.

मास्तर म्हणतेत, खरं कळवू. पण सरकारला फसवलं म्हणून आमची माणसं धरून नेतील. हा कागद दुरडीतच ठेवते.

माझ्या चिमीला तुमी विचारलं होतं, "जेवलीस का?" "पोट भरलंय" असं सांगायला तिला म्याच शिकवलं होतं. आता ती तापानं पडलीया. घास पुढं केला की तेच म्हणती.

लाडीचा अंगठा