याडीचा नाच नव्या आवृत्तीत

७ फेब्रुवारी
गेमवाल्यांनी नवी आवृत्ती काढली अन् माह्या कामाचा सत्यानाश केला. याडीचा, माह्या मायचा, नाच चालूनच नाई राह्यला! फाईल लावली की गेममधली बाई दोन्ही हात पसरून उभी. शेतातल्या बुजगावण्यावानी.

तीन वर्षांमागं याडी होळीच्या फेरात नाचली, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढलता. एक-एक ठेका पाहून तो नाच त्या बाईच्या अंगात भरला. सहा महिने गेले. मंग मोबाइल विहिरीत पडला. मंग याडीले लकवा आला — उजवा हात गेला, पायही ओढते. आता बाजेवर बसून असते, होळीचं नाव काढलं की तोंड फिरवते.

म्हणजे तिचं नाचणं आता या एका फाईलीतच हाये. होळीच्या आत चालवीन. चालवीनच.

१० फेब्रुवारी
सापडलं! गेममधल्या बाईच्या जुन्या सांगाड्यात अठ्ठेचाळीस हाडं होती, नव्यात चौसष्ट केली. नावंही बदलली. माह्या फाईलीतला खांदा नव्या गेमले ओळखूच येऊन नाई राह्यला.

११ फेब्रुवारी
लाईट नाई. दिवसभर वहीत हाडांच्या जोड्या लावल्या, जुनं नाव इकडे, नवं तिकडे. बापू डोकावून गेले — "ममता, डॉक्टरकी शिकून राह्यली काय व?"

१६ फेब्रुवारी
हलली! पण कोपरं उलटी, गुडघा मानेपाशी. बापूनं पाह्यलं अन् हसता हसता चहा सांडला. "तुह्या मायच्या अंगात हे कोण आलं?" मीही हसली. मंग दार लावून रडली.

१९ फेब्रुवारी
जुन्या गेमची 'वर' ही दिशा नव्या गेमात 'पुढं' झाली! म्हणून सारी हाडं भलतीकडं वळत होती. प्रत्येक हाडाचं वळण बदलून देणारा प्रोग्राम लिहिला. बत्तीस ओळी. कोणाले न विचारता.

२२ फेब्रुवारी
नाचली!!

घागरा फिरला. गिरकी संपली की याडी मान जराशी झटकते, तेही आलं. मी खोलीत एकटीच उड्या मारल्या. फाईल साऱ्यांसाठी नेटवर टाकली.

२४ फेब्रुवारी
दोनशे जणांनी उतरवून घेतली. ब्राझीलचा एक जण विचारतो, माह्या जुन्या फाईली बदलून देशील काय? मले विचारून राह्यला! महागावजवळच्या तांड्यातल्या पोरीले! छाती फुगली, खोटं कायले लिहू.

२५ फेब्रुवारी
याडीले दाखवलं. लय वेळ पाहत बसली. मंग म्हणे, "ही मी नाई. माहा उजवा हात वर जाये. ही डाव्या हातानं नाचते."

तपासलं. खरंच. प्रोग्राममधी एक उणे चिन्ह जास्तीचं पडलं अन् सारं अंग आरशातल्यावानी उलटं झालं. सहा महिने त्याच हाताकडं पाहत होती मी, तरी ध्यानात नाई आलं! ब्राझीलवाल्याले तोंड दाखवायची सोय नाई राह्यली. उद्या पहिलं काम हेच.

२६ फेब्रुवारी
दुरुस्त करायले गेली तं याडी कम्प्युटरसमोर उभी. भिंतीले पाठ टेकून.

पडद्यावरची बाई पाठमोरी नाचून राह्यलती. तिचा डावा हात वर गेला की याडीचाही डावा वर जाये. डावा तं तिचा चांगलाच हाये! हे मले काहून नाई सुचलं? गिरकी अर्धीच जमली. मान मात्र झटकली, तशीच.

मले पाहून लाजली. "राहू दे व तिले अशीच."

त्या उणे चिन्हाले मी हात नाई लावला.

होळी
याडी फेरात गेली. तिच्यासाठी साऱ्या बायांनी डावा हात वर घेतला, अन् तांड्याचा फेर उलटा फिरला.