गरम कुंडातला तुझा कोपरा

बुदा, शनिवार सकाळ

प्रिय विल्मोश,

तुला नमस्कार, आणि पिरोश्कावहिनींना त्याहून मोठा, कारण दिवसभर तुला घरात सहन करतात त्या. तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत म्हणून विचारतो. (उत्तर मला ठाऊक आहे : हृदय सुधारलंय, डोकं बिघडलंय.) माझं म्हणशील, तर अंगाचा तिळपापड झालाय आणि तो सर्वस्वी तुझ्यामुळे.

डॉक्टरांनी तुला गरम कुंडात उतरू नकोस म्हणून सांगितलं, हमामात पाऊल टाकू नकोस असं नव्हे. पण तू रुसलास. गरम कुंड नाही तर काहीच नको, म्हणून सोफ्यावर जो बसलास तो बसलासच. इकडे मी नोकरी केल्यासारखी तुझ्या कोपऱ्याची राखण करतोय. घुमटाच्या हिरव्या काचेतला उजेड तिथे बरोब्बर तुझ्या टकलावर पडायचा. (हिरवं टक्कल काही बघण्यासारखं नसतं, पण डोळ्यांना सवय होते.) ज्याने त्याने यावं आणि तिथेच बूड टेकावं! मी आपला सांगतोय, "येतोय तो, कपडे बदलतोय." किती दिवस बदलेल माणूस कपडे? आणि कपडे म्हणजे तरी काय, पुढे बांधायचं एक फडकं!

परवा एक लांबलचक इसम आला आणि पाय पसरून तिथे बसला. मी सांगितलं, इथे माझा मित्र बसतो. तर म्हणतो कसा, "कुठाय मित्र? काका, नाव लिहिलंय का त्याचं इथे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघून गेलं, "वारला तो!"

बिचारा छातीवर क्रूस काढत उठला. तेवढ्यावर भागलं असतं. पण आपल्या घुमटाखाली खोकलं तरी पलीकडच्या भिंतीला कळतं. बुद्धिबळाचे डाव थांबले. गेदेओन, जो दहा वर्षं तुझ्याशी भांडत खेळला, तो हुंदके देत म्हणाला, "हरायचा कसा, राजासारखा!" (मागच्या हिवाळ्यात तू त्याचा घोडा पाण्यात भिरकावला होतास.) टॉवेल देणाऱ्या बोर्बालाबाईंनी दारातूनच हुकूम सोडला, "उठा सगळे! एक मिनिट शांतता!" सगळे उठले. आता तापलेल्या दगडावर बसताना आपण फडकं मागे फिरवून घेतो, हे तुला सांगायला नको. घाईत ते पुढे घ्यायचं निम्म्यांना सुचलं नाही. एवढा गंभीर प्रसंग आणि समोर हा देखावा! मी ओठ चावून उभा. लोकांना वाटलं, दुःख आवरतोय.

हसू दाबत मी सवयीने तुझ्याकडे वळलो, तुला खूण करायला. तिथे नुसता हिरवा उजेड. मग मात्र मला खरंच रडू आलं, चारचौघांत, वयाला न शोभणारं. त्याचा मला भयंकर राग आलाय. जिवंत माणसासाठी रडायला लावतोस, लाज नाही वाटत?

तुझा (अजून तरी),
देझो

ता. क. उद्या प्रार्थनेनंतर सगळी मंडळी फुलं घेऊन वहिनींच्या सांत्वनाला तुमच्याकडे येणार आहेत. दार तू उघडू नकोस. गेदेओनचं हृदय तुझ्याहून कमजोर आहे.

आणखी ता. क. हे टाळायचं तर आज हमामात येऊन तोंड दाखव. कोमट कुंडाचं डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय, चालेल म्हणाले. काल तिथे बसूनही पाहिलं. पाणी म्हणजे विसरून राहिलेलं सूप, पण दोघांपुरती जागा आहे आणि बुद्धिबळाचा पट मावतो. हिरवा उजेड तिथे पडत नाही. तेवढी गैरसोय मी सोसेन.

शेवटचं. हे पत्र दाराखालून सरकवलंय. मी बाहेर जिन्यावरच बसलोय, दोन टॉवेल घेऊन. आवर लवकर.