पाठीला पाठ लावून

५ ऑक्टोबर, विरार
या हातांनी आजवर केलेलं, कुठल्याही मास्तराशिवाय: घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या ग्रिल. अर्नाळ्याला सासऱ्यांच्या होडीचं सुकाणू (अजून चालतं). बायकोची, सुनंदाची, काठी, मूठ तिच्याच हाताच्या मापाची. आणि आता खुर्ची, पाठीवर बांधून माणूस वर न्यायची. अॅल्युमिनियमचा पाइप, ताडपत्रीचं कापड, जुन्या सॅकचे पट्टे. बसणाऱ्याचं तोंड मागे, पाठीला पाठ, म्हणजे भार अंगाजवळ राहतो. वजन चार किलो शंभर.
सुनंदा अजून बसलेली नाही. 'मी काय गोनी हाय?' एवढंच.

६ ऑक्टो.
पहाटे पुन्हा जीवदानीच्या पायऱ्या, खुर्चीत तांदळाचं पोतं बांधून. एका म्हाताऱ्याने हात जोडले. नवस समजला असणार. उजवा पट्टा सरकतोय. घरी येऊन उसवला, शिवला. परत उसवला.
हिमालयाची तिकिटं पूर्वी एकदा काढली होती, त्याच महिन्यात सु.चा खुबा मोडला. आता काठीशिवाय चालणं नाही, चढ तर नाहीच. तेव्हापासून तिने त्या डोंगराचं नाव काढलेलं नाही. कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं.

८ ऑक्टो.
बसली. बिल्डिंगच्या जिन्यात, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. खालच्या वहिनी: 'काय हो, लिफ्ट बंद आहे?' सु. पाठीवरून: 'नाय ओ, ही नवीन लिफ्ट. घाम येतो हिला.'
घरात आल्यावर मात्र हसणं बंद. 'तिथं तुमच्या पाठीवर येईन. परक्या मानसाच्या पाठीवर नाय. आधीच सांगते.'
यात सांगायचं काय होतं. म्हणून तर केली खुर्ची.
उद्या गाडी. पट्टा अजून मनासारखा नाही.

१२ ऑक्टो., राष्ट्रीय उद्यानाचं गेट, उत्तराखंड
दोन दिवस रेल्वे, एक दिवस जीप. पाठ आखडली. सु. ठणठणीत, खिडकीपाशी बसून सगळ्या ड्रायव्हरांना चुका दाखवत आली.
गेटपाशी भारवाहकांच्या वेताच्या टोपल्या रांगेने. म्हातारी माणसं त्यात बसून वरच्या कुरणापर्यंत जातात. टोपल्यांची वीण बघितली. चांगली आहे, पण कंबरेला आधार नाही.
बलबीर नावाचा एक पुढे आला. पन्नाशीचा, माझ्याएवढाच. खुर्ची उचलून पाहिली, मग मला पाहिलं. 'समंदर के आदमी हो साहब. ऊपर साँस नहीं मिलेगी.'
त्याला फक्त सामानासाठी ठरवला.

१३ ऑक्टो.
वारा, भुरभुर पाऊस. वनरक्षक म्हणाला, वर बर्फ पडलं की गेट बंद, मग थेट उन्हाळ्यात. केव्हा पडेल? 'उसकी मर्ज़ी.' असली उत्तरं मला चालत नाहीत.
सगळे नट पुन्हा आवळले. सु.: 'आता आवललात तर तुटंल.' चार वेळा बाहेर जाऊन आभाळ बघून आलो. नुसतं अंगणात चाललो तरी छाती धडधडते. तिला सांगितलं नाही.

१४ ऑक्टो.
निघालो. लख्ख ऊन. लाकडी पुलापर्यंत उत्तम. पुढे भूर्जपत्राची झाडं सुरू झाली, सगळी पिवळी, वाटेवर पानांचा खच. पानं मला चांगलीच आठवतात, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. मान खाली, बूट, पानं, बूट. मागून सु.: 'ते बघा, ते बघा.' वळता येत नव्हतं.
दुसऱ्या वळणावर पाय थांबले. पाय दुखत नव्हते. श्वासच पुरेना. खुर्ची दगडावर टेकवली. पुन्हा उचलली. दहा पावलं. पुन्हा टेकवली.
बलबीर दरीकडे तोंड करून उभा राहिला. चांगला माणूस.
मी म्हटलं, परत जाऊ. पुढच्या वर्षी पोतं वाढवून सराव करतो.
सु.: 'तुमी दमलात. मी नाय दमले. मना वर जायचंय.' आणि त्याला: 'भैया, आप उठाओ.'
पट्टे मीच त्याच्या मापाला लावून दिले. उजवा दोनदा तपासला.
आणि मग हे. सामान घेऊन मी मागून चाललो, तर तिचं तोंड माझ्याकडे. सबंध वाट, समोरासमोर. इतके महिने मापं घेतली आणि हे कधी डोक्यात आलं नाही. माझ्या पाठीवर ती असती तर... ती बघत होती, मी धापा टाकत होतो. 'केस किती पिकलेत ओ तुमचे.' मग, 'हलू या. मी कुठं पलून जात नाय.'
वर कुरण. गवत तांबूस. कडेच्या सावलीत जुनं बर्फ, मळकं. तिने काठीने टोकरून मूठभर घेतलं आणि माझ्या मानेत घातलं.

१५ ऑक्टो.
बलबीर म्हणतो, खुर्ची पक्की, पण पायाची पट्टी दोन बोटं खाली हवी. चढावर बसणाऱ्याचे गुडघे आखडतात. राग आला. सु.ला विचारलं. 'दुखत व्हते की. सांगितलं असतं तर तितंच स्क्रू काढून बसला असता.'
निघताना त्याने खुर्ची विकत मागितली, रोख. ठरवलेल्या हमालीचा यात काही संबंध नाही.

१९ ऑक्टो., विरार
उद्यापासून दिवाळी. घर भरलेलं, खुर्ची गॅलरीत, वर कंदील टांगलाय. सु.: 'त्याला द्यायला पायजे व्हती. तितं रोज कोनीतरी वर गेलं असतं.' आणि तू? परत बसशील? 'कोनाच्या पाठीवर, ते आधी सांगा.' आणि चकल्यांकडे वळली.
पायपट्टी दोन बोटं खाली घेतली. बलबीरचं बरोबर होतं. नंबर आहे त्याचा, लावलेला नाही.
त्याने खुर्चीचे देऊ केले होते नऊ हजार. नको म्हणालो.