इथली हसण्याची पद्धत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय लंब्या,

ताईचे आशीर्वाद. हे वाचायला बसला असशील तर आधी पाठ सरळ कर. एवढा मोठा इंजिनियर झालास, पण खुर्चीत बसतोस तो अजून धुवायला टाकलेल्या शर्टासारखा. इकडे सगळं ठीक आहे.

तुझे फोन येतात तेव्हा मी नुसत्या आवाजावर भागवते, आणि व्हिडिओचं नाव काढलंस की कॅमेरा बिघडलाय म्हणते. परवा तू नवा फोन पाठवायला निघालास. नको पाठवूस. कॅमेऱ्याचं पुढे सांगते. आधी हॉटेलची बातमी, कारण ती छाती फुगवून सांगण्यासारखी आहे.

रिसेप्शनसाठी पोरापोरींची नवी तुकडी आली आणि नेहमीप्रमाणे माझ्या हवाली झाली. सुरुवात नखं, केस, कॉलर आणि बूट यांच्यापासून. एकाने सेंट असा ओतला होता की पाहुणे शिंकतच आत आले असते. त्याला अंघोळ करून परत ये म्हटलं. एक पोरगी बोलली की लॉबी दणाणते, तिचं नाव आम्ही तोफ ठेवलंय. मग उभं राहणं. खांदे सैल, हात मोकळे, नजर समोरच्याच्या डोळ्यांत, आधी हसू आणि मग शब्द. तुला माहीतच आहे, माझ्या वर्गात आरसा नसतो. आरशासमोर माणूस स्वतःकडेच बघत बसतो आणि पाहुणा राहतो बाजूला. त्यामुळे मी समोर उभी राहते. माझ्याकडे बघायचं आणि मी करते तसं करायचं, इतकी वर्षं हेच चालत आलंय.

आता कॅमेऱ्याचं. थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा झोपलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, जिवाला धोका नाही. डोळा आता नीट मिटतो, बोलणंही स्वच्छ झालंय. पण तोंडाची डावी बाजू काही उठायला तयार नाही. तुला कळवलं नाही, कारण तू मिळेल त्या गाडीने आला असतास आणि मला बघून तुझं तोंड पडलं असतं. ते मला बघवलं नसतं.

आमचे मॅनेजर तसे भले गृहस्थ. शब्द चघळत म्हणाले, "मॅडम, चादरी-टॉवेलच्या स्टोअरला कोणीतरी विश्वासातलं हवंय. पगार तोच राहील. शेवटी हॉटेल आहे, पाहुणे चेहरा बघतात." मी म्हटलं, "ही तुकडी तयार करते, मग जाते." बोलताना मान ताठ ठेवली. घरी येऊन मात्र रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. ज्या दारात उभं राहण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, ते दार सुटणार होतं.

परवा मालकीणबाई पाहणीला आल्या. पोरं दारात एका ओळीत, आणि मला मॅनेजरांनी सामानाच्या खोलीत थांबायला सांगितलेलं. मी फटीतून बघत होते. गाडी थांबली, बाई उतरल्या आणि सगळी एकदम हसली. खांदे सैल, नजर डोळ्यांत, एकाचंही बोट चुळबुळत नव्हतं. फक्त हसू प्रत्येकाचं अर्धं. तोंडाची एक बाजू वर, दुसरी जागच्या जागी, सगळ्यांची अगदी सारखी. या पोरांनी माझं आधीचं हसू पाहिलंच नव्हतं रे. जे दिसलं ते त्यांनी घोटून घोटून उचललं, आणि हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. मालकीणबाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. "हे असं हसायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

तोफ धडाडली, "मॅडमनी. इथली हसण्याची पद्धतच ही आहे ना? मला तर जमता जमेना, घरी आईसमोर सराव केला."

लंब्या, मला आत राहता आलं असतं. पण पोरं तिथे उभी आणि मी बॅगांच्या मागे, हे काही पटेना. कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि बाहेर आले. शिकवते तशीच मालकीणबाईंसमोर उभी राहिले. आधी हसले, जेवढं येतं तेवढं, आणि मग म्हटलं, "मी शिकवलं. माझ्या चेहऱ्याची एक बाजू आजारी आहे. शिकवणं ठणठणीत आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, ओळीकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना. एरवी त्यांच्या कपाळावरची आठी हलत नाही. डोळे पुसत मॅनेजरांना म्हणाल्या, "जी बाई वाकडं हसूसुद्धा इतकं चोख शिकवते, ती सामानाच्या खोलीत काय करतेय?" मग माझ्याकडे वळल्या. "पोरांना दोन्ही बाजूंनी हसायला शिकवा. तुम्ही अशाच दारात उभ्या राहा."

चादरींचा विषय परत निघाला नाही. काल दिवसभर मी दारात होते. पाहुणे माझ्या चेहऱ्याकडे बघतात, मीही त्यांच्या डोळ्यांत बघते. मला माझा फार अभिमान वाटतोय.

आता खरी अडचण. पूर्ण हसू दाखवायचं कसं? आरसा मी आणायची नाही, आणि पोरं माझ्याशिवाय कोणाचं उचलत नाहीत. विचार करता करता आठवलं, आईचं हसू आपल्या दोघांनाही आलं होतं. तुझ्याकडे ते अजून अख्खं आहे. तेव्हा रजा काढ आणि ये. माझ्या वर्गात माझ्या शेजारी उभा राहा. पोरांना सांगेन, उभं राहायचं माझ्याकडे बघून, हसायचं माझ्या भावाकडे बघून. नखं कापून ये, बुटांना पॉलिश करून ये. मला बघून दचकलास तरी चालेल, पण तोंड पाडू नकोस. मलाही ते हसू बघून बरेच दिवस झालेत.

दारातच उभी असलेली,
तुझी ताई